शेकडा बारा

जागतिक बँक देशोदेशींच्या आकड्यांची जी भलीमोठी सूची प्रसिद्ध करते, तिच्यात एक रकाना सहसा कुणी उघडून बघत नाही. देशाच्या एकूण श्रमशक्तीपैकी शेकडा किती माणसं सशस्त्र दलांत आहेत, हे त्यात दिलेलं असतं. श्रमशक्ती म्हणजे कामावर असलेली किंवा काम शोधत असलेली, १५ वर्षांवरची सगळी माणसं. भारताचं खडं सैन्य १४ लाखांच्या घरातलं, जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक. पण निमलष्करी दलं त्यात मिळवली तरी आपलं प्रमाण शेकडा एकाच्या आतच राहतं, कारण भागायला ५० कोटींहून जास्त कामकरी माणसं आहेत. कोस्टा रिकाने १९४८ साली सैन्यच मोडीत काढलं आणि पुढच्या वर्षी ते राज्यघटनेत लिहूनही टाकलं. तिथे पोलिसांवरच भागतं. आणि तांबड्या समुद्राच्या काठी, सुदान, इथिओपिया आणि जिबूती यांच्या बेचक्यात असलेला एरिट्रिया हा देश याच रकान्यात शेकडा बाराच्या आसपास जाऊन बसतो.

म्हणजे श्रमशक्तीतल्या दर आठ माणसांमागे एक जण गणवेशात. कुठल्याही गावाचा विचार करून पाहा: शाळेचा मास्तर, पिठाची गिरणी चालवणारा, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सुतार, चार शेतकरी. या आठांतला एक जण कायमचा उचलून नेला, तर उरलेल्या सातांना त्याचं काम आणि त्याचं पोट, दोन्ही ओढावं लागेल. लहान देशाच्या बाबतीत हा आकडा फार बोलका असतो. मात्र तो काय बोलतो हे समजून घ्यायचं, तर आधी तो कसा तयार होतो ते पाहावं लागतं.

वरचा आकडा, म्हणजे सैनिकांची संख्या, लंडनच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर स्ट्रॅटेजिक स्टडीज या संस्थेच्या वार्षिक ताळेबंदातून येतो. एरिट्रियापुढे तिथे वर्षानुवर्षं २,०१,७५० हीच संख्या छापली गेली: भूदल २ लाख, नौदल १,४००, हवाई दल ३५०. कुठल्याही सैन्यात दरवर्षी माणसं येतात, जातात, मरतात, पळतात, आणि तरीही दोन लाख हा पूर्णांक जागचा हलला नाही. यावरूनच कळतं की ही मोजणी नसून अंदाज आहे. एरिट्रिया आपल्या सैन्याची संख्या जाहीर करत नाही.

खालच्या आकड्याची, म्हणजे श्रमशक्तीची, अवस्था याहून वाईट आहे. स्वातंत्र्यानंतर एरिट्रियाने एकदाही जनगणना केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१२च्या अंदाजात देशाची लोकसंख्या ६० लाखांवर होती. २०१९च्या अंदाजात ती एकदम ३५ लाखांवर आली. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं कागदावरून गेली. ती मेली नव्हती. त्यांतली बरीचशी कधी देशात नव्हतीच, आणि बरीचशी देश सोडून गेली होती. लोकसंख्या ६० लाख धरली, तर श्रमशक्ती ढोबळमानाने २७ लाखांची आणि सैनिकांचं प्रमाण शेकडा सात-साडेसात. ३५ लाख धरली, तर श्रमशक्ती १६ लाखांची आणि तेच दोन लाख सैनिक शेकडा बाराच्या वर. एकही नवा माणूस भरती न होता सैन्याचा भार दीडपटीहून अधिक झाला. लहान देशांचे शेकडे वाचताना ही खबरदारी नेहमी घ्यायला हवी: भाजक लहान असला की त्यातली थोडी चूकही आकडा कुठल्या कुठे नेते.

इथवरची चर्चा गणिताची झाली. पण एरिट्रियाबाबत खरा प्रश्न वेगळाच आहे. या दोन लाखांना सैनिक म्हणायचं तरी का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. एरिट्रिया आधी इटलीची वसाहत होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तो जिंकून घेतला, आणि त्या मोहिमेतली सर्वांत घनघोर लढाई १९४१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केरेनच्या डोंगरांत झाली. चौथी आणि पाचवी या दोन भारतीय डिव्हिजन तिथे लढल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण त्या उघड्या कातळांवर चढली होती, आणि 'केरेन' हा युद्धसन्मान आजही मराठा रेजिमेंटच्या नावावर आहे. केरेनच्या युद्धस्मशानात ख्रिस्ती सैनिकांच्या थडग्यांबरोबर, दहन झालेल्या हिंदू आणि शीख जवानांचं स्मारकही आहे. आपल्याकडच्या वाचकाला एरिट्रियाचं नाव परकं वाटलं, तरी सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून गेलेली माणसं त्या मातीत राहिली आहेत.

पुढे १९५२ साली एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला, १९६२ साली इथिओपियाने तो गिळंकृत केला, आणि तोपर्यंत सुरू झालेलं स्वातंत्र्ययुद्ध ३० वर्षं चाललं. एरिट्रियाच्या बंडखोरांच्या पाठीशी शेवटच्या काळात कुठलीही महासत्ता नव्हती. नाक्फाच्या डोंगरात त्यांनी खंदक खोदले. जमिनीखाली इस्पितळं, शाळा, दुरुस्तीचे कारखाने चालवले. लढणाऱ्यांत जवळजवळ एक-तृतीयांश बायका होत्या. पगार कुणालाच नव्हता. २४ मे १९९१ला ते अस्मारात शिरले. १९९३च्या एप्रिलमधल्या सार्वमतात ९९.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवायला हवं: या देशात 'सैनिक' हा शब्द आदराने उच्चारला जात होता, आणि बिनपगारी कष्ट ही तिथे अभिमानाची गोष्ट होती.

स्वातंत्र्याच्या वेळी या लढवय्यांची संख्या ९५ हजारांच्या आसपास होती. नव्या सरकारने शहाणपणाचं पाऊल उचललं आणि १९९३ ते १९९५ या काळात त्यांतल्या सुमारे ५४ हजारांना सैन्यातून मोकळं केलं, काहींना जमीन, काहींना कर्ज, काहींना प्रशिक्षण दिलं. त्या वर्षांत एरिट्रिया आफ्रिकेची आशा मानला जात होता.

त्या आशेचं एक दृश्य रूप म्हणजे मसावा ते अस्मारा हा रेल्वेमार्ग. इटालियनांनी बांधलेला, ११८ किलोमीटर लांबीचा. समुद्रकाठावरून निघून बोगदे आणि वळणं घेत २,३०० मीटरपेक्षा उंच पठारावर चढणारा. युद्धात त्याचे रूळ आणि लोखंडी स्लीपर उखडून खंदकांच्या छपरांना घातले गेले होते. परदेशी कंपन्यांनी दुरुस्तीसाठी सांगितलेला खर्च परवडणारा नव्हता. तेव्हा सरकारने निवृत्त रेल्वे कामगारांना बोलावलं. सत्तरी उलटलेले फिटर, लोहार, इंजिन ड्रायव्हर आले, आणि त्यांच्या हाताखाली राष्ट्रीय सेवेतली तरणी मुलं दिली गेली. खंदकांवरून स्लीपर काढून आणायचे, वाकलेले सरळ करायचे, पुन्हा जागेवर बसवायचे. म्हाताऱ्यांकडे जाण होती, पोरांकडे जोर. २००३ साली रूळ पुन्हा अस्माराला पोचले. या कामाचा विचार करताना मला मनापासून आदर वाटतो. सक्तीच्या सेवेतून काही चांगलं घडूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा रेल्वेमार्ग विसरू नये. पण त्याच पोरांचं पुढे काय झालं, हेही त्याच्या जोडीने सांगायला हवं.

ही मुलं १९९५च्या कायद्याखाली आली होती. कायदा वाचला तर त्यात वावगं फारसं दिसत नाही. १८ ते ४० वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने १८ महिने सेवा करायची: ६ महिने लष्करी प्रशिक्षण, आणि १२ महिने सैन्यातलं किंवा देशउभारणीचं काम. नंतर वयाच्या ५०व्या वर्षापर्यंत नाव राखीव दलात. प्रशिक्षणाचं मुख्य ठिकाण सावा, पश्चिमेला सुदानच्या सीमेकडचा तापलेला सखल मुलूख. पहिली तुकडी तिथे १९९४ सालीच दाखल झाली होती. पठारावरचे तिग्रिन्या बोलणारे ख्रिस्ती आणि सखल भागातले मुस्लीम, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मुलं तिथे एका बराकीत राहायची. नऊ भाषिक समाजांच्या देशाला एकत्र बांधण्याचा तो मार्ग होता, आणि सुरुवातीच्या तुकड्या वेळेवर घरी परतल्याही.

मे १९९८मध्ये बादमे या सीमेवरच्या गावावरून इथिओपियाशी युद्ध पेटलं. एरिट्रियाने सुटलेल्यांना परत बोलावलं, नव्यांना उचललं, आणि सैन्य तीन लाखांपर्यंत गेलं. त्या वेळी साधारण दर पाच कामकऱ्यांतला एक आघाडीवर असावा. एरिट्रियाच्या सरकारने नंतर स्वतः दिलेल्या आकड्यानुसार त्यांचे १९ हजार सैनिक पडले. डिसेंबर २०००मध्ये अल्जीअर्समध्ये करार झाला. २००२ साली सीमा आयोगाने बादमे एरिट्रियाला दिलं, पण इथिओपियाने ताबा सोडला नाही. सुमारे दोन लाख सैनिकांना घरी पाठवण्याची योजना तयार होती, जागतिक बँकेने तिला पैसाही मंजूर केला होता. ती रखडली. त्याऐवजी २००२ साली सरकारने 'वर्साय यिकेआलो' नावाची विकासमोहीम जाहीर केली. वर्साय म्हणजे सेवेतली नवी पिढी, यिकेआलो म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातले जुने लढवय्ये. दोघांनी मिळून देश उभारायचा, असं ठरलं. किती दिवस, हे मात्र कुठेच लिहिलं नाही. १८ महिन्यांचा कायदा रद्द झाला नाही. तो पाळायचं तेवढं थांबलं.

शेकड्यांच्या रकान्यात न दिसणारी गोष्ट ही. सैन्याचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: दरवर्षी किती जण आत येतात आणि प्रत्येक जण किती काळ आत राहतो. समजा, वर्षाला २० हजार मुलं भरती होतात. ती दीड वर्षात सुटली, तर कुठल्याही दिवशी सेवेत ३० हजार असतील. तीच मुलं दहा वर्षं राहिली, तर दोन लाख. भरती वाढवावी लागत नाही, सुटकेचा दिवस पुढे ढकलला की झालं. त्यामुळे एरिट्रियापुढचे शेकडा बारा वाचताना मला त्यात सैन्याचं बळ दिसत नाही, सुटका न झालेली वर्षं दिसतात.

आणि ती वर्षं ही माणसं बहुतेक बंदुकीविना घालवतात. २००३पासून देशातल्या प्रत्येक मुलामुलीने बारावीचं वर्ष सावातच करायचं असा नियम झाला. सकाळी कवायत, मग वर्ग, शेवटी शाळान्त परीक्षा. चांगले गुण पडले तर कॉलेज. देशातलं एकमेव अस्मारा विद्यापीठ २००६पर्यंत बंद होऊन त्याच्या जागी विखुरलेली कॉलेजं आली. पदवी मिळाली की नेमणूक होते. कुणी दूरच्या गावात शिक्षक, कुणी मंत्रालयात कारकून, कुणी इस्पितळात नर्स. गुण कमी पडले तर पलटण, धरणाचं काम, रस्ता किंवा सरकारी शेत. सगळेच राष्ट्रीय सेवेत. काम कुठलं, गाव कुठलं, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. गावाबाहेर जायला परवाना लागतो, आणि रस्त्यावर किंवा बसमध्ये झडती घेऊन परवाना नसलेल्यांना धरून नेतात. या धरपकडीला तिथे 'गिफ्फा' म्हणतात.

अनेक वर्षं या सेवेतल्या माणसाच्या हाती महिन्याला सुमारे ५०० नाक्फा (तिथलं चलन) पडत. सरकारी दराने एका डॉलरला १५ नाक्फा, म्हणजे जेमतेम ३३ डॉलर. घरभाडं सोडाच, कुटुंबाचं धान्यही त्यात येत नसे. पदवीधर मुलगा वयाच्या तिशीतही आईबापांना पैसे देण्याऐवजी त्यांच्याकडून घेत राही.

शेतीवर याचा घाव जास्त खोल आहे. एरिट्रियाची बहुसंख्य माणसं कोरडवाहू शेतीवर जगतात. पठारावर टेफ आणि जव, खाली ज्वारी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात आणि तोही बेभरवशाचा. आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको: पहिल्या पावसानंतर वापसा आला की चार-आठ दिवसांत पेरणी उरकावी लागते, आणि त्या दिवसांत घरात नांगर धरणारा माणूस असावा लागतो. तोच माणूस सीमेवर असेल, किंवा दुसऱ्याच जिल्ह्यात बांधबंदिस्तीचे दगड रचत असेल, तर पेरणी म्हाताऱ्यावर आणि बायकांवर येते, किंवा राहून जाते. श्रमशक्तीतून शेकडा बारा गेले असं आपण म्हणतो तेव्हा हिशोब डोक्यांचा असतो. प्रत्यक्षात जातात ते सर्वांत जास्त राबू शकणारे, १८ ते ४०मधले. त्या वयाच्या लोकांत प्रमाण काढलं तर ते बारापेक्षा कितीतरी वर जाईल.

सक्तीने घेतलेल्या श्रमाला मराठीत वेठ म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३०चा करार वेठीवर बंदी घालतो, पण सक्तीच्या लष्करी सेवेला त्यातून वगळतो, एका अटीवर: काम निव्वळ लष्करी स्वरूपाचं असलं पाहिजे. रस्ता बांधणारा, कापूस वेचणारा, शाळेत गणित शिकवणारा सैनिक त्या सवलतीत बसत नाही. एरिट्रियाने हा करार २००० साली मान्य केला आहे, आणि त्यावरूनच श्रम संघटनेच्या समित्यांत त्याच्यावर पुन्हा पुन्हा ठपका आला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ साली याला गुलामगिरी म्हटलं आणि त्यात अडकलेल्यांची संख्या ३ ते ४ लाख धरली, म्हणजे सैन्याच्या छापील आकड्याच्या दीडपट ते दुप्पट. एरिट्रियाचं सरकार हे सगळे आरोप नाकारतं. इथिओपियाच्या ताब्यामुळे आणि धमक्यांमुळे सेवा लांबवावी लागली, असं त्याचं म्हणणं राहिलं आहे.

एक खटला मात्र परदेशात उभा राहिला. बिशा इथल्या सोन्याच्या खाणीतून २०११ साली उत्पादन सुरू झालं. खाणीत नेव्हसन या कॅनडाच्या कंपनीचा ६० टक्के वाटा होता, उरलेला सरकारी. तिथल्या बांधकामावर आपल्याला राष्ट्रीय सेवेतून जबरदस्तीने लावलं, अशी तक्रार देश सोडून गेलेल्या काही एरिट्रियन कामगारांनी २०१४ साली कॅनडाच्या कोर्टात केली. कंपनीने आरोप फेटाळले. २८ फेब्रुवारी २०२०ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की असा दावा कॅनडात चालू शकतो. त्याच वर्षी दोन्ही पक्षांत तडजोड झाली, तिच्या अटी गुप्त राहिल्या. खाणीतला कामगार कागदावर सैनिक असू शकतो, हे त्या दाव्यामुळे जगापुढे आलं.

लहान देशाला मोठं सैन्य ठेवायचं असेल तर दुसरी वाट नाही का? आहे. सिंगापूर १९६५ साली स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या दोन पलटणी होत्या. अर्थमंत्रिपदावरून संरक्षण खात्यात आलेल्या गोह केंग स्वी यांनी १९६७ साली सक्तीची सेवा आणली. पगारी सैन्य मोठं ठेवलं तर कारखान्यांना माणसं उरणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून खडं सैन्य लहान आणि राखीव दल मोठं ही रचना उभी राहिली. मुलगा १८व्या वर्षी जातो, दोन वर्षांनी सुटतो, आणि पुढे वर्षातले काही दिवस हजेरी लावतो. सुटण्याची तारीख त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. पोरं ती मोजत बसतात. त्या तारखेच्या भरवशावर विद्यापीठ त्याची जागा राखून ठेवतं, घरचे लग्नाचं बोलतात.

इस्राएलमध्येही प्रमाण मोठं आहे, श्रमशक्तीच्या शेकडा चारच्या आसपास, आणि कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल घरांतली मुलंमुलीही इतरांसारखीच या सेवेतून जातात. तिथे राखीव दल किती खोलवर पसरलंय ते ऑक्टोबर २०२३मध्ये दिसलं. काही दिवसांत तीन लाखांहून जास्त माणसं कामाच्या जागा सोडून गणवेशात गेली आणि कंपन्या, शेतं, दुकानं ओस पडली. शांततेच्या वर्षांतल्या रकान्यात हा बोजा कुठेच लिहिलेला नसतो.

एरिट्रियात सुटण्याची तारीख येईल असं एकदा वाटलं होतं. जुलै २०१८मध्ये इथिओपियाचे नवे पंतप्रधान अबी अहमद अस्माराला आले, शांतता करारावर सह्या झाल्या, आणि सप्टेंबरात सीमा उघडली. नातलग २० वर्षांनी भेटले, बाजार भरले. सेवा पुन्हा १८ महिन्यांवर येणार अशी सगळ्यांची समजूत होती. तसं झालं नाही. उघड्या सीमेतून हजारो तरुण बाहेर पडले, काही महिन्यांतच तपासणी नाकी पुन्हा बंद होत गेली, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये इथिओपियातल्या तिग्राय प्रांतात युद्ध सुरू झाल्यावर हीच मुलं सीमेपलीकडे लढायला पाठवली गेली.

देशाबाहेर निर्वासित म्हणून नोंद असलेले एरिट्रियन पाच लाखांवर आहेत, सुदान, इथिओपिया, जर्मनी, स्वीडन असे पसरलेले. एकेक तरुण निघून जातो तसा भाजक कमी होतो आणि मागे राहिलेल्यांवरचा शेकडा वाढतो. गेलेले घरी पैसे पाठवतात, आणि वकिलातीकडून कागद हवे असतील तर उत्पन्नाचे दोन टक्के सरकारलाही भरतात. म्हणजे ज्या घरातला एक मुलगा सेवेत अडकलेला असतो, ते घर बहुधा पळून गेलेल्या दुसऱ्या मुलाच्या पैशांवर चालतं.

सावाच्या पहिल्या तुकडीत १९९४ साली १८व्या वर्षी दाखल झालेला मुलगा २०२६ साली पन्नाशीचा होतो. कायद्याप्रमाणे त्या वयात राखीव दलातूनही त्याचं नाव निघायला हवं. पण २०१२पासून सरकारने 'लोकसेना' उभी केली आहे. वय उलटलेल्या, पूर्वी सुटलेल्या माणसांना तिच्यात बोलावून रायफली दिल्या जातात, आणि दिवसभराचं आपलं काम संपवून ती माणसं पाळीपाळीने पहाऱ्यावर जातात. दोन लाखांच्या त्या न हलणाऱ्या आकड्यात ती धरलेली नाहीत.